समुपदेशक की मानसोपचारतज्ज्ञ? मुलाला आधी कुणाकडे न्यायचं?

माझी भाची अकरावीत होती. महिनाभर तिच्या बाजाच्या पेटीचं झाकण उघडलं नव्हतं. काही विचारलं की अंगावर यायची. ‘वयच तसं आहे’ म्हणत आम्ही दिवस घालवले. एका रात्री म्हणाली, “मावशी, मला रडूसुद्धा येत नाही गं.” मग घरात वाद सुरू झाला : समुपदेशक की थेट मानसोपचारतज्ज्ञ?

किशोरवयातलं नैराश्य बरेचदा चिडचिडीच्या रूपात येतं. असं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, आवडीचं सगळं सुटलं, झोप-जेवण बिघडलं, तर ‘लाडावलंय’ म्हणून सोडून देऊ नका.

समुपदेशकाकडे जायला मूल सहसा लवकर तयार होतं, नातेवाइकांच्या भुवयाही कमी उंचावतात. मात्र पाटी कुणीही लावतं. त्यामुळे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा. सीबीटी नावाच्या उपचारात ‘मी नापासच होणार’ यासारखे विचार मूल कागदावर मांडतं, तपासतं, सुटलेल्या गोष्टी थोड्या थोड्या करून पुन्हा सुरू करतं. साधारण 12 ते 16 सत्रं लागतात, खर्च साठत जातो. औषध मात्र ते देऊ शकत नाहीत.

मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. गरज वाटली तर ते थायरॉईड, हिमोग्लोबिनही तपासून घेतात. आमच्या घरी सगळ्यात जास्त भीती होती ती ‘गोळ्यांची सवय लागेल’ याची. या वयात बहुधा आधी दिलं जाणारं फ्लुओक्सेटिन नशेचं औषध नाही. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला काही मुलांमध्ये अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करायची नाही. फी परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा.

माझं मत स्पष्ट आहे. मूल शाळेत जातंय, जेवतंय, पण कोमेजलंय, तर आधी सायकॉलॉजिस्ट. शाळा सुटली, खाणं सुटलं, तर मानसोपचारतज्ज्ञ. मरणाची भाषा निघाली किंवा हातावर वार दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि घरातल्या गोळ्या, फवारणीची औषधं कुलपात. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर दोन्ही एकत्र. अमेरिकेत 12 ते 17 वयाच्या 439 मुलांवरचा एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. 12 आठवड्यांत औषध आणि सीबीटी दोन्ही मिळालेल्यांपैकी 71 टक्के मुलं सुधारली, नुसत्या औषधावरची 61, नुसत्या सीबीटीवरची 43.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत रात्री-अपरात्री बोलायला सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, 14416. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आम्ही शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि भाचीशी एकटीशी बोलल्या. रिक्षात बसल्यावर ती हळूच म्हणाली, “मार्कांचं काहीच विचारलं नाही त्यांनी.”