उड्या मारायला बनवलेली गाडी झाडांत न्यायची असेल तर

पहिली गाडी चुकीची घेतली हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. मान्य करायला दोन वर्षं लागली.

ती २५० सीसीची फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी होती, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या उड्यांच्या शर्यतीसाठी बनलेली. वापरलेली, कार्ब्युरेटरवाली, फक्त किकवर चालू होणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. ट्रॅकवर ती सुरेख पळायची. मी तिला नेलं झाडांत, जिथे मुळं, सुटे दगड, ओल्या पाचोळ्याखाली दडलेला चिखल आणि हँडलबारहून चार बोटं रुंद एवढीच वाट. माझी उंची ५ फूट ४ इंच, वजन ६१ किलो, आणि उजव्या गुडघ्याचं एक ऑपरेशन झालेलं. किक उजवीकडेच असते.

त्या दिवशी दगडी चढावर अर्ध्यात गाडी बंद पडली. मोटोक्रॉसच्या गाडीचा पहिला गिअर उंच असतो, कारण तो स्टार्ट गेटमधून सुटण्यापुरता. चालण्याच्या वेगावर आलात की अर्धा क्लच धरूनच ठेवावा लागतो, आणि बोट क्षणभर उशिरा हललं की इंजिन गप्प. मी २३ किक मारल्या. मोजल्या, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मागून आलेला सोबती हेल्मेटमधूनच ओरडला, "ताई, थ्रॉटल सोडा! अजिबात हात लावू नका!"

बरोबर होतं त्याचं. त्या काळच्या फोर-स्ट्रोक रेसिंग कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप असतो. मूठ पिळली की तो पेट्रोलची पिचकारी आत मारतो. घाबरून मूठ पिळत किक मारत राहिलं की इंजिन पेट्रोलने भिजतं. रीत अशी की हॉट-स्टार्टचा (गरम इंजिनाला जास्तीची हवा देणारा) छोटा लिव्हर ओढायचा, किक हळू दाबत दाब लागेपर्यंत आणायची, तो दाब जेमतेम ओलांडायचा, किक पुन्हा वर घ्यायची आणि मग तळापर्यंत एकच सणसणीत लाथ. हे सगळं सपाटीवर उभं राहून छान जमतं.

म्हणून झाडांसाठी मोटोक्रॉस गाडी शोधणाऱ्याला माझा पहिला प्रश्न 'ताकद किती' हा नसतो. पायी चालण्याच्या वेगावर ती काय करते, ते विचारा. कमी वेगात बंद पडते का, पडली तर कशी चालू होते, आणि वारा न लागता किती वेळ थंड राहते. रेडिएटरला पंखा नसलेली गाडी सरळ रस्त्यावर बर्फासारखी थंड असते आणि दाट झाडीतल्या दहा मिनिटांच्या क्लचच्या खेळात ओव्हरफ्लोच्या नळीतून कूलंट ओकते. माझ्या पहिलीने ते इतक्या वेळा केलं, की पाठीवरच्या पिशवीत पिण्याचं पाणी कमी आणि तिचं जास्त असायचं.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. दुसरी गाडी घ्यायच्या ऐवजी आहे तिचेच भाग बदलत बसले. मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राला, दोन दात वाढवले, तेव्हा पहिला गिअर कामाचा झाला, पण पाच गिअरांची गाडी मोकळ्या पट्ट्यात किंचाळायला लागली. जड फ्लायव्हील (इंजिनाची फिरती गती टिकवून धरणारं चाक) बसवलं. तो खर्च मात्र वसूल झाला, इंजिन झटक्याने उठणं आणि झटक्याने मरणं दोन्ही कमी झालं. हँडगार्ड, खालची संरक्षक प्लेट, रेडिएटरला वाकू न देणारे ब्रेस, एकेक करत सगळं आलं. मागचं चाक १९ इंची होतं ते १८चं करून घेतलं. एका इंचाने काय होतं असं मलाही वाटायचं. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, त्यामुळे रिम लहान झाली की टायरची भिंत उंच होते. दगडाचा मार ती भिंत खाते, रिम वाचते आणि हवा कमी ठेवता येते. मी जाड ट्यूब आणि रिम लॉक (टायरला रिमवर घट्ट धरणारा) घालून हवा १२ पीएसआय ठेवते. ओल्या मुळांवर तेवढ्यानेच फरक कळतो.

सस्पेन्शनने मला सर्वात जास्त रडवलं. मोटोक्रॉसचं सस्पेन्शन उंचावरून आदळणारी गाडी झेलायला बनलेलं असतं. मुठीएवढ्या दगडांवर, कमी वेगात, ते दबतच नाही. दगडावरून पुढचं चाक बाजूला फेकलं जातं. त्यातून बहुतेक गाड्यांची स्प्रिंग माझ्याहून बऱ्याच जड माणसासाठी असते. कम्प्रेशनचे क्लिकर (सस्पेन्शन किती सहज दबेल ते ठरवणारे स्क्रू) चार-पाच क्लिक मोकळे केले, मागचा सॅग, म्हणजे मी बसल्यावर गाडी जेवढी खाली दबते ते, १०५ मिमीवर आणला, बरं वाटलं. पण आतलं व्हॉल्व्हिंग (तेल वाहण्याची अडवणूक) बदलून आणि माझ्या वजनाची स्प्रिंग घालून घेतली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की गाडी माझी आहे. कुणी विचारलं पहिला पैसा कशावर घालू, तर एक्झॉस्टवर नाही, इथे. (एक्झॉस्ट बदलून फक्त आवाज वाढतो आणि जंगलात आवाज वाढला की वाटा बंद होतात. ठिणगी अडवणारी जाळी मात्र हवीच.)

४५० सीसीच्या गाडीचा मोह मलाही झाला. एका मित्राची दोन तास चालवली. तळाचा जोर इतका की तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढते, आणि तेच तिचं दुखणं. ओल्या मुळावर मूठ केसभर जास्त फिरली की मागचं चाक शेजारच्या झाडाला भेटून येतं. उतारावर इंजिन ब्रेकिंग एवढं, की मागचं चाक उड्या मारत खाली येतं. नव्वद किलोच्या, मोकळ्या वाटांवर जाणाऱ्या माणसाने जरूर घ्यावी. मी दोन तासांनी उतरले तेव्हा माझ्या बोटांना ग्लोव्हज काढता येत नव्हते.

आता चालवते ती यामाहाची वायझेड२५०एफएक्स, २०२० नंतरच्या पिढीतली. यामाहाची गोष्ट थोडी मागून सांगावी लागते. १९९८च्या वायझेड४००एफने फोर-स्ट्रोक मोटोक्रॉसमध्ये परत आणली, २००१मध्ये वायझेड२५०एफ आली. एफएक्स आली २०१५मध्ये. मूळ मोटोक्रॉसचंच इंजिन आणि फ्रेम, पण अंतर पसरलेले सहा गिअर, मागे १८ इंची चाक, मऊ सस्पेन्शन, साइड स्टँड, सीलबंद चेन. आणि बटणस्टार्ट, जे मोटोक्रॉसच्या वायझेड२५०एफला २०१९पर्यंत मिळालं नव्हतं. म्हणजे मी दोन वर्षं पाने-पकडी घेऊन जे जे केलं, त्यातलं बरंचसं कारखान्यातच करून ठेवलेलं होतं. हसावं की रडावं कळेना.

सहावा गिअर असल्यामुळे पहिला खरोखर खाली ठेवता येतो. दाट झाडीत मी पहिला-दुसरा करत क्लचला जवळजवळ हात न लावता जाते. फ्युएल इंजेक्शनमुळे उभ्या चढावर, आडवी पडून उठल्यावर, बटण दाबलं की चालू. इंजिन उलटं बसवलेलं आहे. हवा पुढून आत जाते, एक्झॉस्ट मागून निघून सिलिंडरला वळसा घालतो. एअर फिल्टर टाकीच्या पुढे, वरच्या झाकणाखाली असल्याने पाण्यातून जाताना जीव टांगणीला लागत नाही, आणि हवा ओढण्याचा आवाज थेट हनुवटीखाली ऐकू येतो. मला तो आवडतो. न आवडणारेही असतील.

टाकी ८.२ लिटरची. दिवा नाही, मीटर नाही, पंखा नाही. पंखा मी वेगळा बसवला. हे सगळं आयतं हवं असेल तर त्याच घरातली डब्ल्यूआर२५०एफ घ्यावी. कंपनीच्या आकड्यांत मोटोक्रॉसवाली सुमारे १०६ किलो, एफएक्स १११ आणि डब्ल्यूआर ११५. चार किलोंनी काय होतं म्हणाल, तर दुपारनंतर ओढ्यातून गाडी उचलताना कळतं. होंडाची सीआरएफ२५०आरएक्स, केटीएमची २५० एक्ससी-एफ याच वळणाच्या. शक्य असेल तर तिन्हींवर बसून बघा. सीट सगळ्यांचीच उंच, साडेनऊशे मिमीच्या आसपास. माझा एकच पाय टेकतो, तोही अर्धा चवडा. सीटचा फोम थोडा कापून घेतला, आणि थांबायच्या आधी उंचवटा शोधायची सवय लावून घेतली. ती सवय फोमपेक्षा जास्त उपयोगी पडली.

देखभालीबद्दल थोडक्यात. तेल लिटरभरच असतं आणि बहुतेक गाड्यांत क्लचही त्यातच भिजतो. झाडांत क्लच तापतो, म्हणून मी पाच तासांनी तेल बदलते. तासांचं मीटर पहिल्याच दिवशी लावा. एअर फिल्टर दर फेरीनंतर. रेससाठीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पिस्टन बदलायची घाई आपल्याला नसते, पण व्हॉल्व्हचं अंतर तपासायचं टाळू नका. इनटेकचं अंतर कमी होत गेलं, शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) बदलून पुन्हा लवकरच कमी झालं, की तो व्हॉल्व्ह संपला समजायचं.

आणि हे दुखणं पहिल्यांदा दिसतं थंड इंजिन चालू करताना. म्हणून वापरलेली गाडी बघायला जाते तेव्हा आधी फोनवर सांगते, की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर हेल्मेट काढायच्या आधी इंजिनाला हात लावून बघते. गरम असेल तर काही न बोलता गार होईपर्यंत बसते. एकदा एका मैत्रिणीसाठी अशी दोन तास बसले. विकणारा तीनदा म्हणाला की गाडी एकदम टकाटक आहे. शेवटी त्यालाच राहवलं नाही. सकाळी धक्का देऊन चालू केली होती म्हणाला.