डाव्या खणातलं पुस्तक: निवृत्त एसटी ड्रायव्हरचा रिव्ह्यू

लोक मिक्सरचे रिव्ह्यू लिहितात, मासळी थाळीचे लिहितात, गाड्यांचे तर रोज येतात. पण गाडी कशी वापरायची ते सांगणारं जे पुस्तक (ओनर्स मॅन्युअल) गाडीच्या किमतीतच मिळतं आणि डाव्या बाजूच्या खणात पाऊचमध्ये पडून राहतं, त्याबद्दल कोणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलंय. तेव्हा हा रिव्ह्यू गाडीचा नाही, पुस्तकाचा.

माझी उभी नोकरी एसटीत गेली, रत्नागिरी विभागात. आता नेवऱ्याला घरीच असतो. मुलगा मुंबईला. अक्षय्य तृतीयेला त्याने गाडी घेतली ती इथे घरी ठेवायला, आणि चालवणार सूनबाई, कारण तिची शाळा मालगुंडच्या बाजूला. पाच गेअरची साधी छोटी पेट्रोल गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही. शेजारच्या दोन घरांतली वेगळ्या कंपन्यांची पुस्तकंही मागून आणून चाळली. कामाचा मजकूर सगळीकडे जवळपास तोच.

शोरूममधल्या पोराने गाडी ताब्यात देताना ब्लूटूथ कसं जोडायचं ते इत्थंभूत दाखवलं. गाण्यांचा आवाज मागच्या सीटला कमी-जास्त कसा करायचा तेही. नव्या इंजिनाबद्दल विचारलं तर म्हणाला, "काका, हल्लीच्या गाड्यांना काही लागत नाही, बिनधास्त चालवा." आणि त्याच्याच हातातल्या पुस्तकात पहिल्या १००० किलोमीटरांसाठी स्वतंत्र सूचना आहेत!

आधी दिसायचं सांगतो. कागद बरा, बांधणी घट्ट, अक्षर मुंगीएवढं. भाषा इंग्रजी. मराठी मुलखात इतक्या गाड्या खपतात, पण मराठी प्रत मागितली तर काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघत राहिला. मोबाईलवर उघडायची सोय आहे, तिथे अक्षर मोठं करता येतं. माझ्या वयाच्या माणसाने सरळ तेच करावं. आणि हो, बर्फात टायरला साखळ्या कशा बांधायच्या यावरही मजकूर आहे. नेवऱ्यात तो कधी उपयोगी पडेल ते गणपतीपुळ्याचा बाप्पाच जाणे.

सुरुवातीचं प्रकरण बसण्याबद्दल. मला वाटलं होतं पोरकट असेल, पण तसं नाही. क्लच पूर्ण खाली दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग त्या जागेत फुगते. सूनबाई उंचीने लहान, त्यामुळे ती स्टिअरिंगला जवळजवळ बिलगून बसायची. सीटची उंची वाढवली, पाठ थोडी सरळ केली, मग सीट एक खाच मागे घेता आली. आमच्या काळच्या बसमध्ये ही चैन नव्हती. सीट असेल तशी, आपण तिच्यात मावायचं.

दिव्यांचं पानही चांगलं आहे. चावी फिरवल्यावर बिघाड दाखवणारे दिवे लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात. लागलेच नाहीत तरी काळजीचं, विझले नाहीत तरी काळजीचं. लाल म्हणजे आत्ता थांब, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घे. तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर "पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ" हा विचारही करायचा नाही, बाजूला घेऊन इंजिन बंद. या गाडीला तापमानाचा काटा नाही, त्याजागी निळा दिवा आहे. इंजिन थंड असेपर्यंत तो लागलेला असतो. मी सूनबाईला एवढंच सांगून ठेवलंय की निळा विझेपर्यंत ॲक्सिलरेटरवर पाय हलका. त्यासाठी अंगणात गाडी घुरघुरत ठेवायची मात्र गरज नाही. निघायचं, पण सावकाश.

आता मुख्य प्रकरण, रनिंग-इन, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला जपून चालवून तिचे भाग नीट बसू देणं. पुस्तकात ते जेमतेम अर्ध्या पानात उरकलंय आणि माझी तक्रार तिथेच आहे, कारण 'काय करा' लिहिलंय, 'का करा' नाही. पहिल्या १००० किलोमीटरांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका, इंजिन खूप फिरवू नका, एकाच वेगाने फार वेळ चालवू नका, वरच्या गेअरमध्ये रडवू नका, सुरुवातीचे काहीशे किलोमीटर कचकन ब्रेक मारू नका, दुसरी गाडी ओढू नका. बस्स.

का ते मी सांगतो. सिलेंडरच्या आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. कारखान्यात तिच्यावर मुद्दाम बारीक तिरक्या रेघा ओढलेल्या असतात, त्यांत तेल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासून आपापली जागा धरतात. ती जागा नीट बसली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, चांगलं राहतं आणि तेल कमी जळतं. त्यासाठी इंजिनावर कधी थोडा जोर, कधी सैल, असं आलटून पालटून पाहिजे. म्हणूनच एकाच वेगाचं वावडं. डेपोत इंजिन उघडून नव्या रिंगा टाकलेली गाडी बाहेर पडायची तेव्हा जुने मेकॅनिक हेच बजावायचे: दामटू नको आणि रडवूही नको. हल्लीची इंजिनं पूर्वीपेक्षा फार बारकाईने घडवलेली असतात, त्यामुळे नियम सैल झालेत, पण रद्द झालेले नाहीत.

आणि इथे आमच्या किनाऱ्याच्या रस्त्याला पूर्ण गुण. नेवऱ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीला जा. सपाटी, खाडीवरचा पूल, चढ, वळण, समुद्र बघायला मध्येच थांबलेले पर्यटक, पुन्हा उतार. दुसरा, तिसरा, चौथा, पुन्हा दुसरा. पुस्तकाला हवा असलेला बदलता वेग तुम्हाला न मागता मिळतो. उलट महामार्ग जिथे चौपदरी झालाय तिथे नवी गाडी घेऊन गेलात की पाय आपोआप एका जागी बसतो. नेलीच तर मधूनमधून साठवर आणा, पुन्हा सत्तरवर न्या. ८०च्या पुढे गाडी स्वतःच दर मिनिटाला पीं-पीं करते. जुलै २०१९पासून नव्या गाड्यांना ही सूचना सक्तीची आहे. सूनबाईला तो आवाज छळ वाटतो, मला तो रनिंग-इनचा चौकीदार वाटतो.

रडवणं काय ते मात्र तिला पुस्तकाने नाही, मी शिकवलं. चौथ्यात पस्तीसने चढ चढायला लागली की गाडी थरथरते, बॉनेटखालून घुमल्यासारखा आवाज येतो. पेट्रोल वाचतंय असं वाटतं, पण बेअरिंगांवर मार बसतो. तिसरा टाक, आवाज मोकळा होऊ दे. नव्या माणसाला इंजिनाचा मोठा आवाज आला की भीती वाटते, खरं तर घुसमटलेल्या आवाजाला भ्यायला पाहिजे.

भरलेली गाडी घेऊन आंबा घाट चढायचा बेत मी पहिल्या १००० किलोमीटरांत हाणून पाडला. मुलगा सुट्टीत आला होता, चौघं माणसं आणि डिकीत हापूसच्या पेट्या घालून कोल्हापूरला जाऊ म्हणत होता. पेट्या ट्रान्सपोर्टने गेल्या. नव्या टायरवरही कारखान्यातला गुळगुळीतपणा असतो, तो थोडं अंतर धावल्यावर जातो. ब्रेकचे पॅडही डिस्कवर हळूहळूच बसतात. म्हणजे इंजिन, टायर, ब्रेक तिन्ही कोवळी, आणि समोर घाट. कशाला?

चढावर थांबून निघणं हे कोकणातलं खरं लायसन. आमच्या वाडीचा रस्ता जांभ्याच्या उतारावरून वर येतो आणि डांबरी रस्त्याला मिळतो तिथे थांबावंच लागतं. या गाडीत ब्रेकवरून पाय काढल्यावरही सुमारे २ सेकंद धरून ठेवणारी सोय आहे. पुस्तक तिचं कौतुक करतं. मी म्हणतो, तिच्यावर शिकू नका. हँडब्रेक ओढा, पहिला टाका, क्लच सोडत या, इंजिनाचा आवाज बसला आणि बॉनेट जरा उचलल्यासारखं वाटलं की थोडं पेट्रोल द्या, मग हँडब्रेक सोडा. "अण्णा, मागं जातेय!" असं ती पहिल्यांदा ओरडली तेव्हा गाडी तसूभर हलली नव्हती, शेजारची एसटी पुढे जात होती. आता ती मागे रिक्षा चिकटलेली असली तरी शांतपणे निघते. हाफ क्लचवर गाडी तोलून उभं राहणं मात्र मी तोडून टाकलं. क्लच प्लेट जळाल्याचा वास एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही.

उतारासाठी पुस्तक म्हणतं: खालचा गेअर ठेवा, सतत ब्रेक दाबून उतरू नका. आम्ही म्हणायचो, ज्या गेअरमध्ये चढलात त्याच गेअरमध्ये उतरा. ब्रेक तापले की पकड जाते, पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. माझ्या पिढीतले कित्येक जण अजून उताराला न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. या इंजेक्शनच्या गाड्यांत, म्हणजे जिथे पेट्रोल मोजून फवारलं जातं तिथे, हिशोब उलटा आहे. गेअरमध्ये असताना उतारावर पाय उचलला की इंजिनाचं पेट्रोल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र ते चालू राहण्यापुरतं पेट्रोल पितंच. आणि इंजिनच बंद केलं तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड पडतं. कुंभार्ली घाटात हे प्रयोग करायचे नसतात.

एबीएसचं, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, पान प्रत्येक जुन्या ड्रायव्हरने वाचावं. आम्हाला ओल्या रस्त्यावर ब्रेक पंप करायची सवय. या गाडीत जोराने दाबायचा आणि दाबूनच धरायचा. पायाखाली पेडल कडकडतं, तो बिघाड नव्हे, ते यंत्राचं काम चाललेलं असतं. चाकं लॉक होत नाहीत म्हणून स्टिअरिंग वळवता येतं. अंतर दरवेळी कमी होतंच असं नाही, तेव्हा पावसात पुढच्या गाडीपासून लांब राहायचं ते राहायचंच.

पावसाबद्दल पुस्तक हात आखडता घेतं. आतून काच धुरकटली तर एसी लावून हवा काचेवर सोडा, एवढं ठीक सांगितलंय. मुसळधार पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जायची जी फॅशन आलीय तिच्यावर मात्र ठळक चौकट हवी होती. वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही. हेडलाइट खाली करून लावा, पुरे. हँडब्रेक थंडीने गोठू शकतो असं लिहिलंय. आमच्याकडे तो श्रावणात गंजाने धरतो. गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागा बघावी, गेअरमध्ये टाकावी आणि चाकाला चिऱ्याचा तुकडा लावावा. सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर झाली तर घाबरू नये, डिस्कवर रातोरात आलेला गंज असतो, दोन-चार दाबांत जातो.

जयगडहून तवसाळला फेरीबोटीने जाताना रॅम्प ओला आणि शेवाळलेला असू शकतो. पहिल्या गेअरमध्ये, न थांबता, झटका न देता चढायचं, आणि बोटीवर हँडब्रेकबरोबर गेअरही टाकून ठेवायचा. नंतर खालून गोड्या पाण्याने धुवायची. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही.

एक गोष्ट पुस्तकात अजिबात नाही, बहुधा कंपनीचं काम नाही म्हणून. अरुंद घाटरस्त्यावर दोन गाड्या सहज जात नसतील तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असा कायद्यातलाच नियम आहे. लाल एसटी दिसली की गाड्या आपोआप थांबतात, पण बोजा घेतलेला टेम्पो चढत असला की हेच लोक वरून दिवे मारत घुसतात. मागच्या कोऱ्या पानावर मी हे मराठीत लिहून ठेवलंय, खाली टायरच्या हवेचा आकडाही. तो आकडा ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घेतलाय, पंपावरच्या पोराच्या अंदाजाने नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा मराठी नाही म्हणून कापला, अर्धा अक्षरासाठी, आणि अर्धा रनिंग-इन इतक्या घाईत उरकल्याबद्दल.

पहिल्या सर्व्हिसला जाताना पुस्तक बरोबर न्या. आमच्या पुस्तकातल्या तक्त्यात १००० किलोमीटरला इंजिन ऑइलपुढे 'तपासा' असं आहे, 'बदला' असं नाही. आमच्याकडे काउंटरवर बदलायचं बिल तयार होत होतं. सूनबाईने तक्त्याचं पान उघडून पुढे ठेवलं, काउंटरवरच्या माणसाने चष्मा लावून वाचलं आणि बिलातली ती ओळ खोडली.