स्त्रीबीज गोठवावं की भ्रूण?

प्रयोगशाळेत भ्रूण वरचढ ठरतं. दोन्ही उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्येच राहतात. पण स्त्रीबीज म्हणजे पाण्याने भरलेली एकच मोठी पेशी, बर्फाचे स्फटिक झाले की संपली. पाचव्या दिवसाच्या भ्रूणात अनेक पेशी असतात. त्यातल्या काही गेल्या तरी ते तगू शकतं. शिवाय फलन झालंय, हे आधीच कळलेलं असतं.

हक्काचा प्रश्न आला की पारडं फिरतं. स्त्रीबीज तिचं एकटीचं. जोडप्याच्या भ्रूणाला दोघांची लेखी संमती लागते आणि भारताच्या 2021च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत ती मागे घेता येते. ब्रिटनमध्ये नॅटली एव्हान्स यांच्या जोडीदाराने नेमकं हेच केलं. त्यांची अंडाशयं आधीच काढलेली होती, म्हणजे ती भ्रूणं हीच स्वतःच्या बीजाची शेवटची संधी. तरी 2007मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयात त्या हरल्या. हे फार कठोर वाटतं, पण कुणाला मनाविरुद्ध पालक करणंही योग्य नाही.

भारतात भ्रूण जास्तीत जास्त 10 वर्षं ठेवता येतं. मग ते नष्ट होऊ द्यायचं, किंवा संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचं.

नातं नवं असेल तर काही बीजं फलन न करता वेगळी गोठवा. भ्रूणच ठेवणार असाल तर दोघांपैकी एकाचा मृत्यू झाल्यास काय करायचं, हे संमतिपत्रात आधी बोलून लिहा.