अंकी ॲप: इंग्लिश स्पेलिंगसाठी मस्त आहे, पण कार्डं स्वतः बनवा

नेहमी चुकणारी इंग्लिश स्पेलिंग्ज पक्की करायची असतील तर अंकी (प्रश्न-उत्तराची कार्डं काही दिवसांनी पुन्हा पुन्हा विचारणारं ॲप) नक्की वापरा, मला तरी याच्याइतकं उपयोगी काही सापडलं नाही. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं.

यात कार्डाचे प्रकार असतात, त्यातला 'टाईप इन द आन्सर' वालाच घ्या. साध्या कार्डात काय होतं, आपण मनात म्हणतो हो येतंय की हे आणि पुढे सरकतो, पण शब्द ओळखता येणं वेगळं आणि लिहिता येणं वेगळं. टाईप केलं की बरोबर अक्षरं हिरवी, चुकलेली लाल, राहिलेली ग्रे दिसतात, म्हणजे ॲकोमोडेटमध्ये सी दोन टाकले आणि एम एकच टाकला तर नेमकं कुठे अडतंय ते लगेच समोर येतं. मार्क मात्र ॲप देत नाही, अगेन, हार्ड, गुड, इझी यातलं बटण आपणच दाबायचं. एक अक्षर चुकलं तरी अगेनच दाबा प्लीज, हार्ड दाबून स्वतःला सूट दिलीत की शब्द उशिरा परत येतो आणि तोवर चूक मुरते.

तयार डेक म्हणजे कार्डांचे संच मिळतात भरपूर, पण खरी मजा स्वतःच्या कार्डांत आहे कारण मागच्या बाजूला स्पेलिंग तसं *का* आहे ते लिहिता येतं. इंग्लिशमध्ये जोर नसलेले स्वर बहुतेक सगळे 'अ' सारखेच ऐकू येतात, त्यामुळे सेपरेटमध्ये पी नंतर ए की ई हे कानाला कळणारच नाही, पण सेपरेट आणि प्रिपेअर दोन्ही लॅटिनच्या 'परारे' वरून आलेत हे लिहून ठेवलं की तो ए विसरणं अवघड आहे. डेफिनेटलीच्या पोटात फायनाईट आहे. कर्जवाल्या डेटमधला बी तर बोलण्यात कधी नव्हताच, लॅटिनमधल्या 'देबितुम' शी नातं दाखवायला विद्वानांनी नंतर घुसवलाय, आणि आयलंडमधला एस म्हणजे निव्वळ गैरसमज, बेट या अर्थाच्या आईलशी (isle) संबंध आहे असं वाटून चिकटवलेला! असं एकेक कारण कळलं की पाठांतराचा कंटाळाच जातो.

समोरच्या बाजूला शब्द लिहू नका अर्थातच, ऑडिओ किंवा अर्थ टाका. प्रिन्सिपल, स्टेशनरी, कॉम्प्लिमेंट असले दोन-दोन स्पेलिंगवाले असतील तर रिकाम्या जागेचं वाक्यच हवं, नुसत्या आवाजावरून कुठला विचारलाय ते कळत नाही.

दिसायला ॲप रुक्ष आहे, सेटिंग्जचं जंगल आहे, नवीन माणूस बावचळतो. सुरुवातीला त्यांना हातच लावू नका, फक्त रोजच्या नवीन कार्डांचा आकडा कमी करा नाहीतर रिव्ह्यूचा, म्हणजे उजळणीला आलेल्या कार्डांचा, ढीग साचतो. आणि फोनवर करणार असाल तर कीबोर्डचं ऑटोकरेक्ट आणि सजेशन आधी बंद करा, नाहीतर उत्तर तोच देऊन टाकेल.