ई-क्लास विकून ७१८ केमन घेतली: फोंड्यातले अकरा महिने

गेल्या दसऱ्याला दारात पूजा झाली तेव्हा आईने हळदकुंकवाचं ताट हातात घेऊन विचारलं, “अरे, ह्याचं इंजिन कुठं असतं?” मी सीटच्या पाठीमागे बोट दाखवलं. तिने पुढेही कुंकू लावलं, मागेही लावलं, आणि झेंडूची माळ मात्र पुढेच घातली.

गाडी पोर्श ७१८ केमन, दोन सीटांची स्पोर्ट्स कार, २०१७ सालची, पुण्यातल्या एका गृहस्थांकडून घेतलेली. एनओसी, रोड टॅक्स आणि गोव्याचा नंबर ह्यात दीड महिना गेला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्याआधी सहा वर्षं माझ्याकडे मर्सिडीजची ई-क्लास सेडान होती, ई २२० डी, लांब व्हीलबेसची (व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर). केमनला आता अकरा महिने आणि ९,४०० किलोमीटर झाले. फोंडा-पणजी रोजची ये-जा, रविवारी पहाटे बेळगावच्या रस्त्यावरचा चोर्ला घाट, दोनदा बेळगाव, दोनदा पुणे आणि गोव्याचा एक अख्खा पावसाळा. एवढं झाल्यावर अनुभव लिहायला हरकत नाही.

आधी ई-क्लासबद्दल, कारण तिचं मी देणं लागतो. तिचा व्हीलबेस ३,०७९ मिलिमीटर, केमनचा २,४७५. जवळजवळ दोन फुटांचा फरक, आणि ती सगळी जागा मागे बसणाऱ्याच्या पायांपुढे. बाबा मागे बसले की पाय सरळ करायचे, पडदा वर करायचे आणि मंगेशी येईपर्यंत त्यांना डुलकी लागलेली असायची. खड्डा आला तरी आत फक्त ‘धप्’ असा लांबचा आवाज. डिझेलचं ॲव्हरेज माझ्या हातात चौदाच्या आसपास. सहा वर्षांत तिने मला कुठे अडवलं नाही.

तरीही विकली. एका रात्री बेळगावहून चोर्ला उतरून घरी आलो. जेवताना बायकोने विचारलं, “घाट कसा होता? धुकं होतं?” मला सांगता येईना. धुकं होतं की नव्हतं, ट्रक किती भेटले, मोठं वळण कधी गेलं, काहीच आठवेना. सव्वादोन तास गाडी मीच चालवली होती. त्या गाडीने रस्ता माझ्यापर्यंत पोचूच दिला नव्हता, आणि तेच तिचं काम होतं. मला घाट हवा होता. लहानपणी बाबांच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून जो दिसायचा, ऐकू यायचा, तो.

लोकांना वाटतं स्पोर्ट्स कार म्हणजे वेग. कंपनीचा आकडा आहे, शून्य ते शंभर ४.९ सेकंद. गोव्यात तो आकडा कुठे वापरणार? भोमच्या अरुंद रस्त्यावर चाळीसच्या पुढे जाता येत नाही, बाणस्तारीच्या पुलावर रांग असते. ह्या अकरा महिन्यांत मला जो आनंद मिळाला त्यातला बहुतेक साठच्या आतला आहे. हे गाडी घेण्याआधी मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

कारण गाडीच्या बांधणीत आहे. इंजिन दोन सीटांच्या लगेच मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे गाडीच्या जवळपास मधोमध. खांद्यावर कावड घेतलेला माणूस चटकन वळू शकत नाही, कारण वजन दोन्ही टोकांना लोंबत असतं. तेच वजन पाठीला घट्ट बांधलं की तो जागच्या जागी वळतो. सेडानचं जड इंजिन नाकात असतं, वळणावर आधी नाकाची समजूत काढावी लागते. केमनमध्ये स्टिअरिंगचं चाक फिरवलं की गाडी वळलेली असते, मध्ये वाट बघणं नाही. त्यात इंजिन बॉक्सर पद्धतीचं, चारही सिलिंडर आडवे झोपलेले, त्यामुळे वजन खालीच राहतं. आणि गाडी सगळी मिळून १,३६५ किलो.

चोर्ल्याचंच सांगतो. रविवारी पहाटे पाचला निघतो, उसगाव, होंडा, साखळी करत साडेपाच-पावणेसहाला केरी. तिथून चढ सुरू होतो. जरा वर गेलं की खाली अंजुण्याचं धरण दिसतं, उजाडताना पाणी राखी रंगाचं असतं. बेळगावची भाजी घेऊन येणारे टेंपो समोरून उतरत असतात, त्यांना वाट द्यायची. मग एक पूर्ण उलटं फिरणारं वळण येतं. सरळ रस्त्यावरच ब्रेक, डाव्या हाताच्या पॅडलने गिअर दुसऱ्यावर, नाक थोडं खाली बसतं. त्या क्षणी पुढच्या टायरांवर वजन आलेलं तळहातांना कळतं. चाक फिरवायचं, थांबायचं, वळणाचं दुसरं तोंड दिसलं की पाय हलकेच पेट्रोलवर. मागची चाकं रस्ता धरतात तेव्हा ते कमरेला कळतं, डोळ्यांच्या आधी. वेग तिथे पस्तीस असतो. सेडानमध्ये हेच वळण मी शेकडो वेळा घेतलं असेल, पण तिथला डांबराचा जुना ठिगळ मला पहिल्यांदा ह्या गाडीत समजला.

त्या पट्ट्यात जोरात जाऊही नये. पहाटे गवे रस्त्यावर उभे असतात. एकदा वळण संपताच चार होते, त्यात एक वासरू. मी इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबलो.

आवाजाबद्दल जे बोललं जातं ते खरं आहे. आधीच्या केमनमध्ये सहा सिलिंडर होते, २०१६ साली ७१८ आली तेव्हा चार सिलिंडर आणि टर्बो झाले. सकाळी थंड इंजिन सुरू होतं तेव्हा आवाज खरखरीत असतो, त्याला सूर नाही. कंपनीने जुनं नाव काढून लावलंय, ५० च्या दशकातली ७१८ रेसची गाडीही चार सिलिंडरचीच होती आणि १९५९ आणि १९६० साली सिसिलीतली तार्गा फ्लोरिओ शर्यत तिने जिंकली. घाटवळणांची शर्यत. हे वाचल्यापासून मला त्या आवाजाचं काही वाटत नाही, पण ज्यांना सहा सिलिंडरचाच आवाज हवा त्यांनी जुनी केमन शोधावी. बाकी ताकद भरपूर, ३०० पीएस, आणि १,९५० आरपीएमपासून पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मिळत असल्याने गावात गिअर खालीवर करत बसावं लागत नाही. सात गिअरची पीडीके, म्हणजे पोर्शची दोन क्लचची ऑटोमॅटिक पेटी, ट्रॅफिकमध्येही शहाण्यासारखी वागते.

आता ज्याने जगणं बदललं ते.

बायकोचं माहेर दिवाडीला. तिथे पूल नाही, जुन्या गोव्याहून फेरीबोटीनेच जावं लागतं. पहिल्यांदा गेलो ती नेमकी ओहोटीची वेळ. पाणी उतरलं की धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि बोटीची फळी त्यावर तिरकी बसते, मध्ये एक कोन तयार होतो. गाडीच्या पोटाखाली वीतभरही जागा नाही. बोटीवरचा माणूस हात हलवत होता, “सवकास, सवकास!” मी सावकाशच होतो, तरी पुढचा ओठ फळीला घासला. तो आवाज मला पोटात जाणवला. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला दोन बोटं लांब ओरखडा आहे, अजून तसाच ठेवलाय. तेव्हापासून सासुरवाडीला जायचं तर आधी भरतीची वेळ बघतो. भरतीला बोट धक्क्याच्या जवळजवळ पातळीत येते आणि गाडी तिरपी घातली की सरळ चढते. सासूबाई आता फोनवर स्वतःच सांगतात, “साडेअकराला पाणी भरतंय, तेव्हा निघा.”

स्पीडब्रेकरचंही तेच. पंचायतीने घातलेला गावठी स्पीडब्रेकर असेल तर एक चाक आधी, दुसरं नंतर. फोंड्यातले सगळे पाठ झालेत. रंबलर, म्हणजे रस्त्यावरच्या ओळीने घातलेल्या आडव्या पट्ट्या, आले की अख्खी गाडी थरथरते, दातांपर्यंत. सस्पेन्शन कडक आहे, टायरांचा आवाज आत येतो, पुण्याला पोचेपर्यंत अंग दुखतं. ई-क्लासमधून थेट ह्यात बसणाऱ्याने पहिला महिना निर्णय घेऊ नये.

पावसाळ्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. जूनमध्ये पहिली गोष्ट दिसली ती ब्रेकच्या डिस्कवर. रात्री पाऊस झाला की सकाळी चारही डिस्कवर केशरी गंज, जांभ्या दगडाच्या रंगाचा. चालवायला लागलं की दोन-तीन ब्रेकमध्ये घासून जातो, डिस्क पुन्हा लख्ख. कुठल्याही गाडीत होतं हे, पण उघड्या आऱ्यांच्या व्हीलमधून समोर दिसतं म्हणून मी घाबरलो होतो. खरी काळजी टायरांची. पुढे २३५, मागे २६५ रुंदीचे, आणि नाक हलकं. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर तरंगतो. कुर्टीच्या उतारावर एकदा पाण्याच्या पट्ट्यात चाक हातात एकदम हलकं झालं, कापसासारखं. ब्रेक मारला नाही, चाक वळवलं नाही, फक्त पाय उचलला, आणि दोन सेकंदांत पकड परत आली. त्या दिवसापासून पावसात माझा वेग स्कूटरवाल्यांइतका असतो.

जुलैत झडीच्या पावसात गाडी बारा दिवस उभी राहिली आणि बॅटरी उतरली. चूक माझी. बॅटरी पुढच्या झाकणाखाली, आणि झाकणाचं कुलूप विजेवर चालणारं. पायापाशी फ्यूजच्या पेटीत बाहेरून करंट द्यायची सोय आहे, ती मॅन्युअलमध्ये वाचून झाकण उघडलं. आता गॅरेजमध्ये बॅटरी जपणारा छोटा चार्जर कायम जोडलेला असतो. अंगणात फणस असेल तर काचेखालच्या जाळीतली पानं रोज काढावीत, ती कुजून पाण्याची वाट अडवतात. स्टेपनी नाही, फक्त टायर फुगवायचा पंप आणि चिकट द्रावण. बाजूने टायर फाटला तर दोन्हींचा उपयोग नाही, म्हणून टोइंगवाल्याचा नंबर डॅशबोर्डमध्ये लिहून ठेवलाय. पेट्रोल मी ९५ ऑक्टेनचंच भरतो, ॲव्हरेज नऊ. टाकी ५४ लिटरची.

डिक्या दोन. पुढची १५० लिटरची, विहिरीसारखी खोल, तिच्यात नारळाचं पोतं उभं मावतं. मागची पसरट, पण खाली इंजिन असल्याने तापते, म्हणून बाजारातून आणलेली मासळी पुढे आणि कपडे मागे. चवथीला मात्र हात टेकले. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान, केळीचे घड, सुपारीचे शिंपुटे, रानातली फळं, ह्यातलं निम्मंही मावेना. भावाची पिकअप मागवली.

आणि बाबा. वय ७६, दोन्ही गुडघ्यांना संधिवात. ही गाडी त्यांच्यासाठी नाही हे मला घेतानाच माहीत होतं आणि तरी घेतली, हे मला सलत होतं. सेडान विकून जे पैसे आले त्यातून लगेच एक उंच हॅचबॅक घेतली. तिची सीट खुर्चीइतक्या उंचीवर आहे, बाबा तिच्यात ई-क्लासपेक्षाही सहज बसतात. मागे पाय सरळ करता येत नाहीत, ते सुख गेलं ते गेलंच. घरात दुसरी गाडी ठेवायची तयारी नसेल आणि वडीलधारी माणसं असतील, तर स्पोर्ट्स कार घेऊ नये. इतक्या स्पष्टपणे मला तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

बाबा केमनमध्ये एकदाच बसले, जानेवारीत, स्वतःहून. आधी सीटवर आडवे टेकले, मग एकेक पाय मी उचलून आत घेतला. त्यांनी तीस वर्षं खनिजाचे ट्रक चालवले, खाणीवरून उसगावच्या धक्क्यापर्यंत, २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत. फर्मागुडीचा उतार उतरताना त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं चक्कर आली. विचारणार इतक्यात म्हणाले, “डाव्या बाजूची खडी उसवलीय इथं. मागच्या चाकाखाली आली बघ.” मी दुसऱ्या दिवशी चालत जाऊन बघितलं. वळणाच्या आतल्या कडेला हातभर खडी सुटली होती.

घरी आल्यावर त्यांना बाहेर काढायला मी आणि शेजारचा मुलगा दोघं लागलो. ते पुन्हा बसणार नाहीत. पण दर रविवारी चोर्ल्याहून आलो की चहा घेताना विचारतात, केरीच्या पुढचा पॅच भरला का, वरच्या वळणावर अजून माती येते का. आता मला सांगता येतं.

मागच्या टायरांची नक्षी बरीच झिजली आहे. दिवाळीनंतर दोन्ही बदलणार, आणि मृगाच्या आत पुढचेही.