डॉक्टर राहून संशोधन करायचंय: पीएच.डी. आधी, मध्ये की नाहीच?

रुग्ण तपासणं आणि संशोधन ही दोन्ही कामं आयुष्यभर करायची, असं ठरवलेल्या डॉक्टरपुढे पहिला प्रश्न पदवीचा येतो. पीएच.डी. करावी का, आणि करायची तर केव्हा? आमच्या मते त्याच्याही आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: संशोधनाच्या तासांचा पगार कोण देणार, आणि किती वर्षं? वाट कुठलीही निवडा, अडतं बहुतेक तिथेच. खाली तीन वाटा शेजारी शेजारी मांडल्या आहेत. त्यातल्या नियमांचे दाखले मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमधले आहेत, कारण तिथे या वाटा लेखी नियमांत बांधलेल्या आहेत.

आधी शब्दांचा एक गोंधळ दूर करू. अमेरिकेत एम.डी. ही डॉक्टरकीची पहिली पदवी असते. भारतात ती एम.बी.बी.एस.नंतर येते आणि स्पेशालिटीची असते. ब्रिटनमध्ये एम.डी. ही संशोधनाची पदवी आहे, साधारण दोन वर्षांच्या कामावर मिळणारी, पीएच.डी.पेक्षा लहान. जर्मनीतले विद्यार्थी वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच छोटा प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवतात, पण संशोधनाला निधी देणारी युरोपियन रिसर्च कौन्सिल नुसती ती पदवी पीएच.डी.च्या बरोबरीची धरत नाही. त्यामुळे एखाद्या जाहिरातीत ‘एम.डी. किंवा पीएच.डी.’ असं लिहिलेलं असेल, तर कुठल्या देशातली एम.डी. हे विचारल्याशिवाय अर्जावर महिनाभर घालवू नका.

| | एकत्रित एम.डी.-पीएच.डी. | स्पेशालिटी शिकताना मध्ये पीएच.डी. | पीएच.डी.विना, मेंटॉरच्या हाताखाली |
|---|---|---|---|
| संशोधन केव्हा | वैद्यकीय शिक्षणाच्या मधोमध | काही वर्षं वॉर्ड केल्यावर | स्पेशालिटी संपता संपता |
| जास्तीची वर्षं | साधारण ४ | साधारण ३ | २ ते ५, पण त्यात पगार चालू |
| कुठल्या प्रश्नांना बरी | पेशी, जनुकं, प्राणी, संगणकीय काम | रुग्ण आणि लॅब यांना जोडणारे प्रश्न | ट्रायल (उपचारांची रुग्णांवरची चाचणी), साथरोगशास्त्र, उपचारांचे निकाल |
| मुख्य धोका | लॅबपासून लांब पडणारा काळ | पीएच.डी.चा निधी वेळेत न मिळणं | राखीव वेळ वॉर्डात वाहून जाणं |

पहिली वाट: दोन्ही पदव्या एकत्र

या वाटेचा सर्वांत जुना आणि मोठा नमुना म्हणजे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे एनआयएचचा, मेडिकल सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम. तो १९६४ साली सुरू झाला. सुरुवातीची सुमारे दोन वर्षं वैद्यकीय अभ्यासाची, मग तीन ते पाच वर्षं पीएच.डी.ची, आणि शेवटी पुन्हा वॉर्डातली दोन वर्षं. एकूण आठेक वर्षं लागतात. फी माफ असते आणि विद्यावेतन मिळतं. डॉक्टर होताना डोक्यावर कर्ज चढत नाही, हा या वाटेचा फार मोठा फायदा आहे. कर्जाच्या हप्त्यांपायी संशोधन सोडून पूर्णवेळ प्रॅक्टिसकडे वळणारे कमी नाहीत.

लॅबमध्ये सलग चार वर्षं, ओपीडी नाही, रात्रीचा कॉल नाही, अशी सवड पुढे पुन्हा मिळत नाही. प्रयोग फसतो, पुन्हा मांडावा लागतो, उंदरांची एखादी जात तयार व्हायला महिनोन्‌महिने जातात. हे काम आठवड्यातल्या एका मोकळ्या दिवसात बसत नाही. मूलभूत विज्ञानात शिरायचं असेल तर आम्ही हीच वाट सुचवू.

अडचण पीएच.डी. संपल्यावर सुरू होते. पुढची दोन वर्षं वॉर्ड, मग किमान तीन वर्षं रेसिडेन्सी (स्पेशालिटीचं प्रशिक्षण), म्हणजे हातातली पिपेट सुटून पाच वर्षं होतात. तेवढ्यात तंत्र बदललेलं असतं, आणि तुमच्या जुन्या प्रश्नावर दुसऱ्या लॅबने पेपर काढलेला असतो. म्हणून अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनला एक संशोधन मार्ग ठेवला आहे. त्यात क्लिनिकल प्रशिक्षण तीनऐवजी दोन वर्षांचं, आणि त्याला जोडून तीन वर्षं किमान ८० टक्के संशोधन. एम.डी.-पीएच.डी. करणाऱ्याने रेसिडेन्सी निवडताना अशी जागा आहे का, हे आधी पाहावं. उलट बाजूचा त्रासही खरा आहे. चार वर्षांनी वॉर्डात परतल्यावर रुग्णाच्या आजाराचा इतिहास घेणं आणि तपासणी यांचा हात बसलेला नसतो. पीएच.डी.च्या काळात आठवड्याला अर्धा दिवस ओपीडीत बसलेल्यांना परतणं बरंच सोपं जातं. कार्यक्रमात अशी सोय नसेल तर ती मागून घ्यावी.

विषय फार लवकर ठरतो, ही तक्रार आम्हाला तितकी गंभीर वाटत नाही. मेंदूवर पीएच.डी. केली आणि पुढे कॅन्सरकडे वळलात, तरी शिकलेली पद्धत सोबत येतेच.

दुसरी वाट: मधली पीएच.डी.

ब्रिटनमध्ये डॉक्टर-संशोधकांच्या प्रशिक्षणावरच्या २००५च्या वॉलपोर्ट अहवालानंतर या वाटेच्या पायऱ्या नीट आखल्या गेल्या. पहिली पायरी अकॅडेमिक क्लिनिकल फेलो. यात २५ टक्के वेळ संशोधनाला, जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि जनरल प्रॅक्टिसवाल्यांना चार. मग स्पेशालिटी प्रशिक्षणातून बाहेर पडून साधारण तीन वर्षं पीएच.डी. त्यानंतर क्लिनिकल लेक्चरर: ५० टक्के संशोधन, ५० टक्के रुग्णसेवा, चार वर्षांपर्यंत.

पहिल्या पायरीचा हेतू बऱ्याच जणांना उमगत नाही. तीन वर्षांचे २५ टक्के म्हणजे एकूण नऊ महिने. एवढ्यात मोठं संशोधन पुरं होत नाही आणि व्हावं अशी अपेक्षाही नसते. हे नऊ महिने पीएच.डी.च्या निधीचा अर्ज उभा करण्यासाठी दिलेले असतात. त्या अर्जाला गाइड लागतो, प्राथमिक डेटा लागतो, शक्य तर एखादा पेपर लागतो. मग उलटी मोजणी करा. अर्जाची मुदत ते निकाल यात सहज अर्धं वर्ष जातं, आणि पहिला अर्ज फेटाळला जाईल हे गृहीत धरून दुसऱ्यालाही जागा ठेवायला हवी. म्हणजे पहिला अर्ज दुसऱ्या वर्षाच्या मध्याला गेला पाहिजे. त्यासाठी डेटा पहिल्या वर्षअखेर हातात हवा, आणि एथिक्स कमिटीकडचे कागद पहिल्या तीन महिन्यांत गेलेले हवेत. पहिलं वर्ष ‘विषय शोधण्यात’ घालवलेला फेलो पुढे नेमका इथे अडकतो.

हे २५ टक्के कसे वाटून मिळतात, तेही विचारा. लॅबचं काम असेल तर सलग तीन महिन्यांचा ब्लॉक घ्या, कारण आठवड्यातला एक दिवस पेशी वाढवायला पुरत नाही. रुग्ण भरती करायचे असतील किंवा नोंदींचं विश्लेषण असेल तर दर आठवड्याचा ठरलेला दिवस बरा, कारण भरती वर्षभर चालू राहावी लागते. मात्र वॉर्डात माणूस कमी पडला की पहिला बळी याच दिवसाचा जातो. बुडालेला दिवस भरून मिळेल, असं लेखी असेल तरच त्यावर विसंबा.

पैशाच्या बाजूने ही वाट पहिलीपेक्षा वेगळी आहे. क्लिनिकल फेलोशिपवर पीएच.डी. केली तर डॉक्टरचा मूळ पगार चालू राहतो, रात्रपाळीची भर तेवढी जाते. साध्या विद्यार्थी शिष्यवृत्तीवर केली तर उत्पन्न बरंच खाली येतं. पदवी तीच, पण घरखर्च आणि मुलं असताना हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय स्पेशालिस्ट होण्याची तारीख पुढे ढकलली जाते. शल्यक्रियेच्या शाखांत तीन वर्षं हात थांबवणं परवडत नाही, तेव्हा या काळात महिन्यातून किती दिवस ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहता येईल, हे गाइडशी आधीच बोलून घ्यावं.

या वाटेची खरी ताकद प्रश्नाच्या निवडीत आहे. चार वर्षं रुग्ण पाहिलेला डॉक्टर पीएच.डी.ला बसतो तेव्हा कुठल्या औषधाचा परिणाम का होत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

तिसरी वाट: पीएच.डी.विना

ट्रायल, निदानपद्धतींची पारख, उपचारांचे निकाल अशा कामाला पीएच.डी. हवीच असं नाही. क्लिनिकल संशोधन किंवा साथरोगशास्त्राची एक-दोन वर्षांची मास्टर्स आणि जवळ बसून शिकवणारा मेंटॉर पुरतो. कमी पडतं ते संख्याशास्त्र. नमुना किती मोठा हवा, मध्येच सोडून जाणाऱ्या रुग्णांची गळती किती धरायची, मधल्या टप्प्यावर डेटा पाहायचा का, हे स्वतःला कळलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक बदलासाठी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागते. ट्रायलची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झाली नाही, तर नामांकित वैद्यकीय नियतकालिकं पेपर स्वीकारत नाहीत. हा नियम २००५पासूनचा आहे, तरी आजही चुकतो.

अमेरिकेत या टप्प्यावरचा मुख्य आधार म्हणजे एनआयएचच्या ‘के’ ग्रँट्स. के०८ लॅबकडे झुकलेल्या डॉक्टरांसाठी, के२३ रुग्णांवरच्या संशोधनासाठी. दोन्ही तीन ते पाच वर्षांच्या, आणि दोन्हींत किमान ७५ टक्के वेळ संशोधनाला द्यावा लागतो. काही शल्यशाखांना ५० टक्क्यांची सवलत मिळते. या दोन्हींना अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा हक्क लागतो. के९९/आर०० ला तो लागत नाही, म्हणून बाहेरून गेलेल्या डॉक्टरांनी ती आधी पाहावी. तिच्यात दोन वर्षांपर्यंत मेंटॉरच्या हाताखाली आणि पुढे तीन वर्षांपर्यंत स्वतंत्रपणे काम करायचं असतं. पण पोस्टडॉकच्या, म्हणजे डॉक्टरेटनंतरच्या संशोधन-प्रशिक्षणाच्या, पहिल्या चार वर्षांतच अर्ज करता येतो, आणि दुसरा भाग सुरू व्हायला स्वतंत्र नोकरी मिळालेली असावी लागते. शिक्षणाचं कर्ज असेल तर कर्जफेडीची वेगळी योजना आहे. पात्र डॉक्टरने आठवड्याला सरासरी २० तास संशोधन केलं, तर वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत कर्ज परस्पर फेडलं जातं.

के ग्रँटमधला अवघड मुद्दा पगाराचा. ग्रँट पगाराची ठरलेली रक्कमच देते आणि स्पेशालिस्टचा पगार त्याहून जास्त असतो. मधली तूट विभागाने भरायची असते. जिथे प्रोसिजरवर मोठं उत्पन्न मिळतं, अशा शाखांत ही तूट मोठी, आणि ती भरून काढायला विभाग ‘आणखी एक ओपीडी’ मागतो. कागदावर ७५ टक्के, प्रत्यक्षात निम्मा वेळ, अशी गत इथून होते.

टक्के मोजायचे कसे

नोकरीचं पत्र हातात आलं की टक्के वाचून थांबू नका, दिवस मोजा. पाच दिवसांच्या आठवड्यात ७५ टक्के म्हणजे पावणेचार दिवस संशोधन, उरला सव्वा दिवस. आठवड्याला अर्ध्या दिवसाची एक ओपीडी म्हणजे १० टक्के. वर्षाला चार आठवडे वॉर्डची जबाबदारी म्हणजे ५२पैकी ४, जवळपास ८ टक्के. झाले १८. उरलेल्या ७ टक्क्यांत रात्रीचे कॉल, रिपोर्ट वाचणं, रुग्णांचे निरोप आणि विद्यार्थ्यांना शिकवणं बसवायचं आहे. हे जेमतेम बसतं. आता ओपीडी दोन आणि वॉर्डचे आठवडे सहा करा: २० अधिक साडेअकरा, म्हणजे साडेएकतीस. इथे ७५ टक्के आधीच संपले, कॉल तर मोजलेलेच नाहीत. म्हणून पत्रात टक्क्यांसोबत ओपीडींची संख्या, वॉर्डचे आठवडे, कॉलच्या रात्री आणि सहकारी रजेवर गेला तर त्याचं काम कोण करणार, हे चारही लिहून घ्यावं.

दुसरी मोजणी निधीतल्या खंडाची. एनआयएचच्या मोठ्या स्वतंत्र ग्रँटचा, म्हणजे आर०१चा, नवा अर्ज फेब्रुवारीत केला आणि मंजूर झाला, तर पैसा साधारण त्याच डिसेंबरात सुरू होतो. नामंजूर झाला तर सुधारित अर्ज नोव्हेंबरात, आणि पैसा पुढच्या जुलैत. म्हणजे पहिल्या अर्जापासून १७ महिने, तेही दुसऱ्या फेरीत यश आलं तर. पाच वर्षांच्या के ग्रँटवर असलेल्याने पहिला अर्ज तिसरं वर्ष संपायच्या आत धाडावा. पाचव्या वर्षाची वाट पाहिली, तर मधल्या काळात लॅबमधल्या माणसांचे पगार थांबतात आणि टीम विखुरते. विभागाकडे अशा खंडासाठी तात्पुरता निधी आहे का आणि तो किती महिने पुरतो, हे रुजू होण्याआधी विचारण्यात काहीही वावगं नाही.

बाळंतपण किंवा घरातलं आजारपण हाही याच हिशोबाचा भाग आहे, आणि तो फार उशिरा मानला गेला. अमेरिकेत डोरिस ड्यूक फाउंडेशनने २०१५ साली दहा वैद्यकीय महाविद्यालयांना निधी दिला तो याचसाठी: घरची काळजी वाहणाऱ्या तरुण डॉक्टर-संशोधकांना लॅबमध्ये जास्तीचा मदतनीस ठेवता यावा आणि काम बंद पडू नये. नुसती मुदतवाढ दिली तर घड्याळ थांबतं, पण प्रयोग चालू राहत नाही. दोन संस्थांमध्ये निवड करायची झाली, तर मुदतवाढीसोबत माणूसही देणारी संस्था निवडा.

कुणी काय निवडावं

तुमचा प्रश्न पेशीत किंवा रेणूत असेल आणि वय विशीतलं असेल, तर पहिली वाट, मात्र संशोधनाला जागा देणाऱ्या रेसिडेन्सीसह. वॉर्डातल्या एखाद्या कोड्याने झोप उडवली असेल, तर दुसरी. स्पेशालिटी होत आली आहे, घर चालवायचं आहे आणि प्रश्न ट्रायलने सुटणारा आहे, तर तिसरी. स्पेशालिस्ट झाल्यावर निव्वळ नावापुढे लावायला पीएच.डी. घेऊ नये, असं आम्ही स्पष्ट सांगू. तीच तीन वर्षं मेंटॉरसोबत एक ट्रायल तडीस नेण्यात जास्त कामी येतात.

मुलाखतीला जाल तेव्हा विभागप्रमुखांशी बोलून झाल्यावर तिथल्या दोन कनिष्ठ डॉक्टर-संशोधकांना एकट्याने भेटा. त्यांना विचारा: गेल्या महिन्यात तुमचे संशोधनाचे किती दिवस बुडाले, ते भरून मिळाले का, आणि तुमच्या मेंटॉरच्या हाताखालून याआधी गेलेले आज कुठे आहेत. मेंटॉर संस्था सोडून गेला तर काय, हेही विचारा. दुसरा मेंटॉर आधीपासून कागदावर नेमलेला असेल, तर त्या संस्थेने यापूर्वी असा प्रसंग निभावला असण्याची शक्यता जास्त.