घराचा भूकंप विमा, चौदा महिन्यांनंतर: पॉलिसी चांगली, कार्पेट एरियाने मात्र जीव खाल्ला

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोलीकडचा तो ४.५ चा धक्का आला, तेव्हा मी नांदेडच्या फ्लॅटमध्ये दाढी करत होतो. आरसा खिळ्यावर टकटक वाजायला लागला. आतल्या खोलीतून आई "किल्लारी गं बाई" म्हणत बाहेर आली. कुणाला काही झालं नाही, पण पुढच्या महिन्यात मी 'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची पॉलिसी घेतली.

एजंट म्हणाला होता, भूकंपाचे वेगळे पैसे पडतील. ते जुन्या पॉलिसीचं झालं. १ एप्रिल २०२१ पासून या पॉलिसीत भूकंप मुळातच धरलेला आहे, आगीबरोबर आणि पुराबरोबर. माझा वर्षाचा हप्ता जीएसटीसकट हजाराच्या आत बसला. एवढ्यात हे मिळतंय म्हटल्यावर मी फार घासाघीस केली नाही, आणि तिथेच चुकलो.

सर्टिफिकेट आलं ते फाइलला लावून ठेवलं. पाच महिन्यांनी सहज उघडलं तर कार्पेट एरिया, म्हणजे घरातली भिंतींच्या आतली वापरायची जागा, ८६५ चौरस फूट! माझ्या करारनाम्यात ६१२ आहे. ८६५ हा बिल्डरच्या माहितीपत्रकातला, विक्रीचा आकडा. या पॉलिसीत घराची विमा रक्कम म्हणजे कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. जागेची किंमत त्यात येत नाही. माझा दर चौरस फुटाला २००० रुपये धरला होता, म्हणजे १२ लाख २४ हजारांच्या जागी १७ लाख ३० हजार. घरातल्या सामानाचं संरक्षण त्याच्या २० टक्के आपोआप मिळतं, दहा लाखांच्या मर्यादेत, म्हणजे तेही फुगलेलं.

खरं सांगतो, आधी मला बरंच वाटलं. रक्कम जास्त तर मिळणार जास्त. ग्राहक सेवेतल्या मुलीनेही तेच सांगितलं, "सर, तुमचा फायदाच आहे." पण दोन रात्री विचार केल्यावर लक्षात आलं की भिंत पडली तर ती दुरुस्त करायला लागेल तेवढंच मिळणार. फुगलेल्या आकड्याचा हप्ता मात्र दरवर्षी माझ्या खिशातून. आणि उद्या क्लेम लागला तर "तुम्ही माहितीच चुकीची दिली" असं म्हणायला त्यांना आयतं कारण. घर पडलेलं असताना मी हे भांडण कशाला ओढवून घेऊ?

पॉलिसीतला आकडा दुरुस्त करून घ्यायला अकरा आठवडे लागले. इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, पाठवला, तो "वाचता येत नाही" म्हणून परत. पुन्हा स्कॅन करून पाठवला. मग म्हणे मंजूर नकाशा द्या. शेवटी तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं आणि चार दिवसांत एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कागद, आली, फरकाचे १४० रुपयेही आले. चार दिवसांचं काम होतं तर अकरा आठवडे मला का नाचवलं, याचा राग अजून गेलेला नाही.

एवढं होऊनही मी पॉलिसीचं नूतनीकरण केलं. "आपल्याकडे कुठे भूकंप होतो, आपण कमी धोक्याच्या झोनमध्ये" हे मला पटत नाही. किल्लारी तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आधी ती झोपेतच दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली.

भेगांबद्दल माझं मत मात्र बदललं. धक्क्यानंतर बेडरूममध्ये बीमखाली केसाएवढी आडवी रेघ दिसली आणि मी ती भूकंपाचीच धरून चाललो होतो. ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने बोटाने ठोकून पाहिलं. गिलावा पोकळ वाजला. बीम काँक्रीटचा, खालची भिंत विटांची, उन्हाने दोन्ही वेगवेगळं फुगतं आणि सांध्यावर गिलावा फाटतो. नव्या बांधकामाच्या बसण्याने पडणाऱ्या नेहमीच्या भेगांचे पैसे पॉलिसी देत नाही, तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणून मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, भेगेला फूटपट्टी लावून, तारखेसह, आणि स्वतःलाच मेल करून ठेवले. पुढचा धक्का आला तर विम्यासाठी नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला जुनं कोणतं नि नवं कोणतं हे दाखवता येईल.

एक गोष्ट माझ्या पॉलिसीने सुटत नाही. जिना, कॉलम, गच्ची सोसायटीची. इमारतच बसली तर माझ्या एकट्याच्या पैशाने तिसरा मजला हवेत उभा राहणार नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढायला सांगितलेलं आहे. आमच्याकडे काढलेला नाही. अध्यक्ष म्हणतात लिफ्टचा खर्च आधी. मी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेसाठी लेखी अर्ज दिलाय, पोचपावती घेतली आहे, आणि या वेळी एकूण क्षेत्रफळाचा आकडा मंजूर नकाशावरून मीच काढून जोडलाय.